भावाशेजारचा रकाना

गेली बरीच वर्षं मी वाशीममध्ये जुने भाव शोधून देते. कुणाला एखाद्या शेअरचा पंधरा वर्षांपूर्वीचा भाव हवा असतो, कुणाला मागच्या चार हंगामांतले सोयाबीनचे दर. या कामाचं वेगळं दुकान नाही आणि पाटीही नाही. एका शेअर दलालाच्या पेढीत टर्मिनलवर बसत होते तेव्हा ते माझ्याकडे आलं. पुढे करसल्लागाराच्या कार्यालयात गेले, तिथे ते वाढलं. आज माझ्याकडे स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम आहे. शेअरचं नाव आणि तारीख दिली की तो त्या दिवसाची ओळ काढून देतो. ती ओळ नीट कशी वाचायची, हे कळायला मात्र प्रोग्राम लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला.

हा प्रोग्राम करामुळे जन्माला आला. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पाने शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर बसवला आणि ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ त्यातून वगळली. त्यामुळे जुने शेअर असणाऱ्या प्रत्येकाला त्या एका दिवसाचा भाव हवा झाला. तोही बंद भाव नव्हे, तर त्या दिवसातला सर्वांत वरचा भाव. विवरणपत्रं भरायची वेळ आली तेव्हा निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कापडाचे व्यापारी आपापल्या याद्या घेऊन येऊ लागले. एकेका यादीत तीस-चाळीस नावं. हाताने शोधत बसलं तर एका माणसामागे अख्खी दुपार जायची. म्हणून मी रात्री बसून पायथॉन शिकले आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, म्हणजे एनएसईच्या, भावकॉप्या उतरवून घ्यायला लागले.

भावकॉपी म्हणजे बाजाराच्या एका दिवसाचा संपूर्ण हिशेब. एका शेअरची एक ओळ. त्या ओळीत नाव, उघडता भाव, वरचा, खालचा, बंद, शेवटचा, आदल्या दिवसाचा बंद, मग किती शेअर विकले गेले आणि किती रुपयांची उलाढाल झाली. एनएसईवर शेअरचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले. वर्षाला अडीचशेच्या आसपास फाइली धरल्या, तरी सगळ्या मिळून हजारोंच्या घरात जातात. घाई केली की समोरचा सर्व्हर दार लावून घेतो. म्हणून दोन फाइलींच्या मध्ये थोडं थांबत, रात्री-अपरात्री, असा तो साठा जमवला.

फुकट मिळणाऱ्या तयार माहितीवर विसंबू नये, हा धडा तेव्हाच मिळाला. मे २०१७ मध्ये एका मोठ्या परदेशी संकेतस्थळाने जुने भाव देणारा आपला मोफत मार्ग अचानक बंद केला होता आणि त्यावर उभी असलेली जगभरातली कितीतरी साधनं एका दिवसात निकामी झाली होती. ८ जुलै २०२४ पासून एनएसईनेही भावकॉपीचा जुना नमुना बंद करून नवा आणला. रकान्यांची नावं बदलली, क्रम बदलला. माझं काम त्या दिवशी थांबलं नाही, कारण मूळ फाइली जशाच्या तशा माझ्याजवळ होत्या. नव्या नमुन्यासाठी प्रोग्रामात तेवढी भर घालावी लागली. जुनी माहिती ज्याला रोज लागते, त्याने ती स्वतःजवळ मूळ रूपात ठेवावी, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सांगते.

एकाच दिवसाचा, एकाच शेअरचा भाव दोन ठिकाणी दोन आकड्यांत का दिसतो, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. भावकॉपीत ‘बंद’ आणि ‘शेवटचा’ असे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. शेवटचा म्हणजे बाजार उठताना झालेला अखेरचा सौदा. बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, प्रत्येक सौद्यातल्या शेअरसंख्येला वजन देऊन काढलेली सरासरी. त्यामुळे जाता जाता कुणी दहा शेअर भलत्याच भावाने उचलले, तरी दिवसाचा बंद भाव त्याच्या हाती जात नाही. किती मालावर भाव ठरला याची दखल बाजाराने स्वतःच घेतली आहे, ही गोष्ट मला तेव्हा फार महत्त्वाची वाटली नव्हती. पुढे तीच माझ्या सगळ्या कामाचा पाया झाली.

दुसरा फरक बोनस आणि विभाजनाचा. इन्फोसिसने सप्टेंबर २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला. ३१ जानेवारी २०१८ च्या भावकॉपीत इन्फोसिसचा भाव अकराशेच्या वर आहे. आज कुठल्याही आलेखावर तीच तारीख काढली तर तो निम्मा दिसतो, कारण आलेख बोनस धरून मागचे सगळे भाव कमी करत जातो. गुंतवणूक किती वाढली हे पाहायला निम्मा केलेला भावच बरोबर. करासाठी मात्र त्या दिवशी हातात असलेल्या शेअरला मूळ, पूर्ण भाव लागतो आणि नंतर आलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरावी लागते. विभाजनाचं गणित आणखी निराळं, तिथे त्या दिवसाचा भावच विभागून घ्यावा लागतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या हिशेबात कुणीतरी आलेखावरचा भाव उचलून लिहिला होता. त्यांना कर बराच जास्त भरावा लागला असता. मूळ भावकॉपी समोर ठेवली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे ताई, भाव विचारताना तो कशासाठी पाहिजे हे पण सांगायला लागते तर!” तेव्हापासून मी आधी तोच प्रश्न विचारते.

कारंज्याहून एक काकू आल्या होत्या. नवरा गेल्यावर कपाटाच्या तळाशी त्यांना शेअरची कागदी प्रमाणपत्रं सापडली. एकावर टेल्कोचं नाव, एकावर टिस्कोचं, आणि तिसरं अशा एका छोट्या कंपनीचं, जिचा आज कुठेच पत्ता लागत नव्हता. घरातली मुलं म्हणत होती, रद्दी आहे. टेल्को २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली, टिस्को २००५ मध्ये टाटा स्टील झाली. कंपनीचं नाव बदललं की बहुधा बाजारातलं तिचं संक्षिप्त चिन्हही बदलतं. दर्शनी किंमत बदलली तर शेअरचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएसआयएनही, नवा मिळतो. म्हणून माझ्या प्रोग्रामात नावांची एक वंशावळ आहे: कोण कशात विलीन झालं, कुणाचं नाव कधी बदललं. त्या वंशावळीतून काकूंच्या दोन कागदांचा आजपर्यंतचा माग लागला. लाभांश सलग सात वर्षं घेतला नाही, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात आणि तिथून अर्ज करून परत मिळवता येतात. वारसाच्या नावावर करायला कागदपत्रांची मोठी दगदग झाली, पण त्यांनी ती नेटाने केली. तिसऱ्या कंपनीचे भाव एका तारखेपर्यंत सापडले आणि पुढे काहीच नाही. ती ओळ मी तशीच छापून दिली. जिथे भाव नाही तिथे मागचा भाव पुढे ओढून भरायचा नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. रिकामी जागाही माहितीच असते. तिथे व्यवहार थांबले, एवढं ती सांगते.

या रिकाम्या जागांचं मोल एका तरुणामुळे आणखी पटलं. अभियांत्रिकी झालेला, पुण्याची नोकरी सोडून गावी आलेला मुलगा. त्याने आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घेतल्या, त्यांचे मागच्या पंधरा वर्षांचे भाव काढले आणि आपली खरेदी-विक्रीची पद्धत त्यावर तपासली. निकाल डोळे दिपवणारा होता. वडिलांचं दोन एकर वावर विकून भांडवल उभं करायचं, इथपर्यंत घरात बोलणं गेलं होतं. मी त्याला २००८ च्या निफ्टीची यादी काढून दिली. तीत सत्यम होती, सुझलॉन होती, युनिटेक होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती. युनिटेकचा भाव २००८ च्या सुरुवातीला पाचशेच्या वर होता. पुढे तो काही रुपयांवर आला. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातल्या फसवणुकीची कबुली दिली आणि तो शेअर एका दिवसात कोसळला. आजची यादी घेऊन मागे गेलं की ही सगळी नावं आपोआप वगळली जातात, कारण जे टिकले तेच आजच्या यादीत आहेत. मुलाने त्या वेळच्या यादीवर तीच पद्धत पुन्हा चालवली. मग वावर विकायचा विषय घरात निघाला नाही. आता तो नोकरी करून थोडी-थोडी गुंतवणूक करतो आणि अधूनमधून माझ्याकडे भावकॉप्या मागायला येतो.

माझ्या कामाला खरं वळण दिलं ते २०२० सालच्या रुची सोयाने. आमच्या भागात हे नाव अनोळखी नाही. सोयाबीन पिकवणाऱ्याला तेल गाळणाऱ्या कंपन्यांची नावं तोंडपाठ असतात. कंपनी कर्जात बुडाली, २०१७ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि २०१९ मध्ये पतंजलीने सुमारे ४,३५० कोटी रुपयांत ती घेतली. जुन्या भागधारकांच्या प्रत्येक १०० शेअरमागे १ शेअर उरला. २७ जानेवारी २०२० रोजी शेअर पुन्हा बाजारात आला तेव्हा भाव १७ रुपयांच्या आसपास होता. जूनअखेर तो १,५०० च्या वर गेला.

टाळेबंदीचे दिवस होते. लोक घरी बसून मोबाइलवर डिमॅट खाती उघडत होते. एका कृषी केंद्राच्या मालकांनी फोन करून विचारलं, “जानेवारीत लाख रुपये टाकले असते तर आज किती झाले असते?” प्रोग्रामने ऐंशी लाखांच्या वरचं उत्तर दिलं. गणित बरोबर होतं. मग मी तीच ओळ पुढे वाचत गेले आणि किती शेअर हातबदल झाले त्या रकान्यावर थांबले. कंपनीचे जवळपास ९९ टक्के शेअर पतंजली समूहाकडे होते, लोकांच्या हाती जेमतेम एक टक्का. रोज ५ टक्क्यांचं वरचं सर्किट, म्हणजे दिवसाच्या वाढीची मर्यादा, लागायचं. घेणाऱ्यांची रांग आणि विकणारा कुणी नाही. १७ रुपयांना घ्यायला बसलेल्या माणसाला शेअर मिळालाच नसता, आणि ज्याच्याकडे जुने हजार शेअर होते त्याच्या खात्यात दहाच उरले होते. भाव खरा होता, पण तो फारच थोड्या मालाचा भाव होता. मार्च २०२२ मध्ये कंपनीने लोकांना शेअर विकायला काढले ते ६५० रुपयांना. पुढे कंपनीचं नाव पतंजली फूड्स झालं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एकामागे दोन बोनस आले. त्यामुळे आज आलेख काढणाऱ्याला तो १,५०० चा भाव पाचशेच्या घरात दिसेल.

त्या फोननंतर मी प्रोग्रामात एक बदल केला. भाव एकटा छापायचा नाही. त्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, किती शेअरवर तो भाव झाला ते छापायचं. बदल चार ओळींचा, पण गिऱ्हाइकाशी होणारं बोलणं त्याने पार बदलून टाकलं. रिसोडकडचे एक निवृत्त कर्मचारी व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्याने एका लहान कंपनीचे शेअर घेऊन बसले होते. पडद्यावर पैसे तिप्पट दिसत होते. मी त्यांना मागच्या वर्षभराच्या ओळी दिल्या: कित्येक महिने दिवसाला शे-दोनशे शेअर, मग अचानक लाखोंची उलाढाल, भाव चढता, आणि पुन्हा शे-दोनशे. विकायला गेले तेव्हा घेणारे कोण असणार, हे त्यांना त्या दुसऱ्या रकान्यावरूनच कळलं.

एका वर्षाने हाच धडा बाजार समितीच्या आवारातून परत आला. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीनचा भाव चढत गेला आणि ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोहोचला. जगभर खाद्यतेल महागलं होतं, आधीच्या हंगामातला माल काढणीच्या वेळच्या पावसाने खराब झाला होता, कोंबड्यांच्या खाद्याला लागणारी पेंड मिळेनाशी झाली होती. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल आला तसा दर जवळपास अर्ध्यावर उतरला. पण दहा हजार हा आकडा सगळ्यांच्या मनात घर करून बसला. पुढची दोन-तीन वर्षं कितीतरी घरांत सोयाबीन त्या एका आकड्याच्या आशेवर पडून राहिलं.

मालेगाव तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले ते असंच. घरात पोती थप्पीला लागलेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. म्हणाले, “ताई, एकवीस साली दहा हजार गेलती ना सोयाबीन? मंग आता काहून नाही जाणार?” शेतमालाच्या भावांसाठीही मी साठा जमवत आले आहे. कृषी पणन मंडळ आणि केंद्राचं ॲगमार्कनेट रोजचे दर देतात: आवक किती क्विंटल, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. मी त्यांना महिन्यामहिन्याची आवक आणि दर एकाच कागदावर काढून दिले. दिवाळीच्या आगेमागे आवकेचा डोंगर, ऑगस्टमध्ये अगदी थोडी. ते बराच वेळ कागद पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे दहा हजार कोणालेच भेटले नाही?”

“भेटले ना काका. ज्याच्याजवळ ऑगस्टपर्यंत माल होता, त्याले भेटले.”

“आपला तं दिवाळीतच गेलता.”

जास्तीत जास्त दराचा रकानाही त्यांना समजावून सांगितला. आमच्या बाजारात बियाण्याजोग्या, बिजवाईच्या सोयाबीनला चढा भाव मिळतो. हर्राशीत एखादी ढेरी त्या भावाने गेली की तो आकडा गावभर फिरतो. ओलावा जास्त असलेल्या, डागी मालाचा भाव कुणी सांगत फिरत नाही. आपला माल कोणत्या प्रतीचा, हे धरून सर्वसाधारण दराकडे पाहायचं. विका किंवा ठेवा, यातलं मी काहीच सांगितलं नाही. ते माझं काम नव्हे. त्यांनी कर्जापुरता माल विकला आणि उरलेला ठेवला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून बराच कमी दर होता. ते पुन्हा आले तेव्हा समाधानाने एवढंच म्हणाले की बरं झालं, व्याज तरी वाचलं.

शेतकऱ्यांना जुने भाव देताना एक अडचण कायम येते. सोयाबीनचे वायदे एनसीडीईएक्स या वायदे बाजारात चालायचे तेव्हा पुढच्या महिन्यांचा अंदाज तरी दिसायचा. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. माझ्या साठ्यातही ती मालिका तिथेच थांबते. तूर तर २००७ पासूनच वायद्यांत नाही. पिकवणाऱ्याजवळ मागचे भाव आणि व्यापाऱ्याचा आजचा शब्द, एवढंच उरतं. म्हणून मागचे भाव त्याच्यापर्यंत नीट, पूर्ण पोहोचले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

ही गरज आपल्याच जिल्ह्याला फार आधी कळली होती. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून ज्याची नोंद होते, तो कापसाचा बाजार कारंज्यात १८८६ मध्ये सुरू झाला. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता, त्याच्या आदेशाने. त्याआधी वीसेक वर्षं, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचं मोल आलं, मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये ते सगळं कोसळलं. मुंबईत ज्या पैशाने शेअर चढले, त्यात वऱ्हाडच्या कापसाचा वाटा होता. बाजाराला नियम लागतो तो भाव वाढवण्यासाठी नव्हे, तर भाव आणि वजन दोन्ही उघड्यावर ठरावेत यासाठी. मालाच्या वजनाच्या पावतीवर, म्हणजे काटापट्टीवर, आजही दोन्ही एकाच ओळीत असतात: किती क्विंटल आणि काय दराने.

इतक्या वर्षांनी मला पटलेली गोष्ट हीच आहे. माणसाच्या लक्षात शिखर राहतं आणि नोंदीत प्रत्येक दिवस राहतो. रुची सोयाचे दीड हजार असोत की सोयाबीनचे दहा हजार, दोन्ही खरे होते, पण ते फार थोड्या लोकांच्या वाट्याला आले. हे सांगणारा रकाना भावाच्या शेजारीच असतो आणि तोच वाचायचा राहून जातो. जुने भाव उद्याचं काही सांगत नाहीत. आपली आठवण किती एकांगी आहे, हे मात्र ते दाखवतात, आणि वावर विकायला निघालेल्या किंवा कर्ज अंगावर ठेवून थांबलेल्या माणसासाठी एवढंही पुष्कळ असतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी दोन गोष्टी आग्रहाने सांगते. काटापट्टी आणि शेअरचे कागद फेकू नका. तुमच्या मालाचा, तुमच्या हातात पडलेला भाव दुसऱ्या कुणाच्या नोंदीत सापडणार नाही. आणि कुणी मोठा भाव सांगितला, मग तो शेअरचा असो की शेतमालाचा, तर लगेच विचारा: किती मालावर?